सोनारीच्या तळ्यातलं लढाऊ जहाज

शिलवंत सर मला पहिल्यांदा दिसले ते उन्हात उलटे चालताना.

बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस होते. मी पाठक, तुळजापूरचा. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पूजा-अभिषेकाचं काम. त्यातून सुटून आपण गणिताचे मास्तर झालो याचा मला कोण गर्व, आणि पहिली नेमणूक मिळाली ती परंडा तालुक्यात, सोनारीच्या हायस्कूलला. एसटीतून उतरलो, ट्रंक खांद्यावर घेतली आणि धूळ तुडवत शाळेच्या मैदानापर्यंत आलो, तर एक उंच, हाडकुळा, काळासावळा माणूस पाटीतून पांढरी फक्की टाकत मागं मागं सरकत होता. पायापुढं लांबलचक रेघ उमटत होती. माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "तिथंच थांबा. तुम्ही आत्ता तिसऱ्या तोफेवर उभे आहात."

मी थांबलो. नव्या गावात पहिल्याच माणसाशी वाद नको म्हणून थांबलो, एवढंच. ट्रंक खांद्यावर, वर ऊन, आणि हे गृहस्थ एका हातात पाटी आणि दुसऱ्या हातात एक फाटकं पुस्तक घेऊन पावलं मोजताहेत. अर्ध्या तासानं रेघेची दोन टोकं जुळली. ते माझ्याजवळ आले, घाम पुसला आणि म्हणाले, "मी शिलवंत. इतिहास आणि इंग्रजी. हे जहाज आहे. पोरांना जहाज केवढं असतं ते सांगून कळत नाही, म्हणून खऱ्या मापाचं काढलं. शाळेच्या पायरीपासून हापशापर्यंत. आता पंधरा मिनिटं तोफा लावू, मग तुम्हाला खोली दाखवतो."

त्या हापशाला तेव्हा पाणी नव्हतं. तालुक्यात जिथं पाणी होतं तिथं टँकरची रांग होती. आणि हा माणूस मैदानावर लढाऊ जहाज तरंगवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत गेलो तर मैदानात पन्नास-साठ माणसं कुदळी घेऊन खणत होती. झालं असं, की गावाच्या वरच्या अंगाला दुष्काळी कामावर तळं खोदणं चाललं होतं. तिथं ओव्हरसियर जिथं फक्की मारील तिथं खांदायचं, हा नियम सगळ्यांच्या अंगात मुरलेला. पहाटे मुकादम मैदानावरून चालला होता. त्याला फक्कीची आखणी दिसली. नवं काम निघालं असं समजून त्यानं एक टोळी इकडं वळवली. आम्ही पोहोचेपर्यंत जहाजाचं नाक गुडघाभर खोल गेलं होतं. मुकादम घाबरून हात जोडत होता. शिलवंत सर मात्र खड्ड्याभोवती चकरा मारत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रागाचं नाव नव्हतं.

"कोपरा चुकला तुमचा," ते मुकादमाला म्हणाले. "नाक एवढं टोकदार नव्हतं तिचं. जरा गोल घ्या."

"सर, बुजवू का?"

"कशाला बुजवता? खांदलंय तर खांदलंय. पाऊस आला तर तेवढंच पाणी मुरंल."

हे जहाज सरांना हैद्राबादला सापडलं होतं. कॉलेजात असताना ते चुलत्याकडं गेले होते. तिथं रद्दीच्या ढिगात पुठ्ठा नसलेलं एक जाड इंग्रजी पुस्तक मिळालं. तीनशे वर्षांपूर्वीच्या एकाच इंग्रजी लढाऊ जहाजाचं ते चरित्र होतं: कुणी बांधलं, कुठं लढलं, कप्तान कोण कोण झाले, कितीदा मोडून पुन्हा उभं केलं. रद्दीवाल्यानं ते फुकट दिलं. सरांनी शब्दकोश शेजारी घेऊन ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्यानंतर त्यांच्या डोक्यातून ते गेलंच नाही. इंग्रज लोक जहाजाला बाईसारखं बोलतात म्हणून तेही 'ती' म्हणायचे. आम्ही स्टाफरूममध्ये चेष्टेनं तिला 'सरांची बाई' म्हणत असू. सरांच्या घरी, बौद्धवाड्यात, वहिनी शिलाईमशीन चालवायच्या. मी एकदा त्यांना या बाईबद्दल छेडलं, तर पायाखालचं मशीन न थांबवता म्हणाल्या, "सवतच हाय ती. पन बिचारी काय खात न्हाय, राहू द्या."

सर तिचं आयुष्य सांगायचे ते सरकारी नोकराचं सेवापुस्तक वाचल्यासारखं. वर्गात, चहाच्या टपरीवर, एसटीची वाट बघताना. एका जागी उभं राहून नाहीच. बोलता बोलता टपरीच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत जायचे, चहा तिसऱ्याच बाकावर विसरायचे, खिशातला खडू बोटांनी मोडत राहायचे. त्यांच्या शर्टाचा खिसा कायम पांढरा. "नेमणूक कधीची? तर राजाचं डोकं उडवलंय आणि पार्लमेंटचं राज्य आहे, तेव्हाची. पहिली कामगिरी डचांवर. मग तह झाला. तहात लढाऊ माणसाला काय काम? तिच्या डोलकाठ्या उतरवल्या, खलाशी घरी पाठवले आणि खाडीत नुसती उभी केली. म्हणजे काय, पाठक? सक्तीची रजा! पुन्हा लढाई, पुन्हा हजर. मग लाकूड कुजलं म्हणून अर्धी मोडली, नवी लाकडं घातली, आणि कागदावर जहाज तेच. सेवाखंड नाही. आपल्या खात्यानं शिकावं यांच्याकडून."

"आणि रिटायर कधी झाली?"

"झाली की. कामाची राहिली नाही तेव्हा गोदीच्या तोंडाशी बुडवली, लाटा अडवायला. आपण नाल्यात दगड घालतो, त्यांनी ती घातली. बांधच झाला तिचा." एवढं सांगून ते भरभर चालायला लागायचे. शेवट सांगितल्यावर त्यांना त्या जागी थांबवत नसे.

तिचं नाव काय, हे मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "पार्लमेंटनं एक ठेवलं. राजा परत आला, त्यानं ते खोडून दुसरं ठेवलं. दोन्ही मालकांनी ठेवलेली. तिला कुणी विचारलं होतं? मग आपण कशाला घ्यायचं?" थोडं पुढं गेले आणि परत आले. "छप्पन साली आमच्या घरानं धर्म बदलला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. गावातले बापाला म्हणाले, आता तुमाला काय म्हनायचं? बाप म्हणाला, आमी सांगू ते म्हनायचं." आमच्या घरात ज्या गोष्टी कुणी बोलत नसे, त्यांतली ती एक होती.

दुष्काळी कामातलं तळं पुरं झालं, पण वर्षभर त्यात चिमणीला पुरेल एवढंही पाणी आलं नाही. लोकांनी त्याचं नाव 'कोरडं तळं' ठेवलं. पुढं दोन पावसाळे बरे गेले, तळं बांधाच्या दगडी अस्तरापर्यंत भरलं, तरी नाव तेच राहिलं. सर रोज संध्याकाळी सायकल हाणत तिथं जायचे आणि बांधावरून येरझाऱ्या घालायचे. एवढं पाणी त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पाय मात्र कधी बुडवला नाही. पोहता येत नव्हतं आणि पाण्याची भीती वाटायची, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

त्या पाण्यात मासे सोडायची सरकारी योजना आली, आणि तळ्याचा ठेका बाहेरच्या कुणा ठेकेदाराला जाणार अशी बातमी उठली. सरांची झोप उडाली. "ज्यांनी खांदलं त्यांचं तळं," असं म्हणत ते घरोघर फिरले. मासेमारीची सहकारी संस्था काढायची ठरलं. सभासद म्हणजे तळ्यावर कुदळ मारलेली बौद्धवाड्यातली माणसं आणि भोयांची घरं. मिळून अकरा कुटुंबं. चेअरमन केलं भागुजीआबांना. आबा जातीनं भोई, साठीचे. सीना नदीवर अख्खी हयात गेलेली. नदीला पाणी असलं की गूळ करायच्या काहिलीत माणसं बसवून ते पैलतीराला न्यायचे. ती रुंद, सपाट बुडाची लोखंडी काहील हीच त्यांची नाव. सर झाले बिनपगारी सेक्रेटरी.

जिल्ह्याचे मासे खात्याचे साहेब येऊन अट सांगून गेले. संक्रांतीनंतर ते पुन्हा येतील. तोवर संस्थेची स्वतःची होडी तयार पाहिजे, माणसं घेऊन ती पाण्यावर चालली पाहिजे. चालली तर तळं संस्थेचं. नाहीतर ठेकेदाराचं. होडीसाठी सागाच्या फळ्या खात्याकडून मिळतील, त्या एकदाच.

अकरा घरांनी आणि अख्ख्या गावानं सरांकडं बघितलं. जहाजातलं कळणारा माणूस परंडा तालुक्यात दुसरा होता कोण?

आणि सरांना काय तेवढंच पाहिजे होतं! फळ्या येऊन पडल्या त्या दिवशी ते दुपारी जेवलेच नाहीत. गावचे मारुती सुतार उभ्या आयुष्यात बैलगाड्या, तिफणी आणि चौकटी करत आलेले. त्यांना सरांनी पुस्तकातली चित्रं दाखवली. शाळेमागच्या लिंबाखाली काम सुरू झालं. होडी बारा हात लांब, अंगानं सडपातळ, बाजू छातीपर्यंत उंच, मागचा भाग आणखी चढता. आबा रोज येऊन उकिडवे बसायचे आणि बघायचे. एक दिवस न राहवून बोलले.

"सर, लई उच्च झाली. आन् बारीक. आमची काहील कशी, बूड सपाट, अंगानं पसरट. नाचली तरी पडत न्हाय."

"आबा, काहील गुळाची! ही सहकारी संस्थेची होडी आहे. साहेब येणार बघायला. पाण्यावर ती अशी उभी राहिली पाहिजे," असं म्हणून सर स्वतःच ताठ उभे राहिले.

"उभं ऱ्हानं येगळं, सर. जाळं टाकायला एका अंगाला जावं लागतं."

"ती डचांशी लढली, आबा. दोन मजले तोफा घेऊन. तुमच्या जाळ्याचं काय घेऊन बसलात?"

आबांनी मान डोलावली. सरांनी सांगितलं म्हणजे खरंच असणार. मारुती सुतारांनी फळ्यांच्या फटींत सुतळी ठोकली, वर रस्त्याच्या कामातलं डांबर फासलं आणि गाडीच्या चाकाला धाव बसवतात तशा लोखंडी पट्ट्या मारल्या. होडी खरंच देखणी झाली होती. मी गणिताचा माणूस, मला तिची उंची आणि रुंदी बघून शंका यायला हवी होती. आली नाही. मीही टाळ्याच वाजवल्या.

संक्रांतीच्या पाच दिवस आधी होडी बैलगाडीवरून तळ्यावर नेली. नारळ फोडला. आबा आणि आणखी चौघं चढले. वल्ही मारत पन्नासेक हात आत गेली, बांधावर लोक ओरडायला लागले, सर बांधावरून तिच्याबरोबर पळत होते. मग आबा जाळं टाकायला एका बाजूला उभे राहिले. होडी कलली. ती परत येईल म्हणून आम्ही बघत राहिलो. ती आलीच नाही. दमलेलं जनावर बसावं तशी ती आडवी झाली, आणि पाचही जण पाण्यात गेले.

पोहणारे होते म्हणून वाचले. पण होडीची उंच बाजू आबांच्या खांद्यावर आदळली. हाड सरकलं. नवीन जाळं तळाला गेलं. आबांना बाजेवर घालून गावात आणलं तेव्हा त्यांची बायको सखूबाई सरांकडं बघून एवढंच म्हणाली, "तुमच्यावर इस्वास ठिवला ओ आमी."

त्यानंतरचे तीन दिवस सर शाळेत आले, पण शिकवलं नाही. वर्गात जायचे, खडू उचलायचे, परत व्हरांड्यात यायचे. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मुलांनी प्रश्न विचारला की "उद्या" म्हणायचे. मी समजूत घालायला गेलो तर म्हणाले, "पाठक, माप बरोबर होतं. माप तंतोतंत होतं." ते ज्या स्वरात म्हणाले तो मला ओळखू आला नाही. चूक सापडत नसलेल्या माणसाचा तो स्वर नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी सभासद लिंबाखाली जमले. होडी पालथी पडली होती. साहेब यायला पाचेक दिवस उरले होते, नव्या फळ्या मिळायच्या नव्हत्या. हात गळ्यात बांधून आबाही आले होते. कुणीच सरांना बोल लावत नव्हतं, आणि तेच जास्त वाईट होतं. मारुती सुतार होडीच्या बुडावरून हात फिरवत सहज म्हणाले, "सर, तुमच्या त्या बाईचं आसं कदी झालं न्हवतं का? म्हंजी तवा त्यांनी काय क्येलं आसंल?"

सर चालत होते ते थांबले. मग सायकलवर बसले आणि घरी गेले. आम्हाला वाटलं रागावले. पंधरा मिनिटांनी ते पुस्तक घेऊन आले. धापा टाकत होते.

"झालं होतं," ते म्हणाले. "मी सांगितलं नाही."

त्यांनी पुस्तक उघडलं. मी शेजारी होतो म्हणून मला दिसलं. बाकीचं पुस्तक बोटं लागून लागून काळवंडलेलं, आणि मधली चार-पाच पानं मात्र कोरी करकरीत. एकदा वाचून पुन्हा न उघडलेली. सर ती वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. जहाज बांधून झालं आणि पहिल्याच सफरीत कप्तानानं तक्रार केली. थोडा वारा आला तरी कलते. वर तोफांचं वजन फार, अंग अरुंद. खालच्या मजल्यावरच्या तोफांची दारं उघडावीत तर समुद्र आत येतो, म्हणून ती बंदच ठेवावी लागतात. अर्ध्या तोफा नुसत्या ओझ्याला. दुसऱ्या कप्तानाचीही तीच तक्रार. लढायच्या लायकीची नाही, असं लेखी कळवलं होतं.

"मग मोडली का?" आबांनी विचारलं.

"नाही. गोदीत ओढली आणि पोटाला, पाणी लागतं तिथं, दोन्ही अंगांनी बाहेरून जाड फळ्यांचा पट्टा मारला. वीतभर रुंद झाली. मग ती उभी राहिली. डचांशी लढली ती तो पट्टा बांधून लढली."

मारुती सुतारांच्या तोंडाचा आ झाला होता. ते म्हणाले, "म्हंजी विंग्रजाला बी शेवटाला काहीलच करावी लागली की!" दोघं-तिघं हसले. सर हसले नाहीत.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, हे मी कबूल करतो. मला संताप आला होता. "ठाऊक असून तुम्ही पहिलंच माप घेतलं?"

"पाठक, ही पानं मी कधी कुणाला सांगितली नाहीत," सर म्हणाले. ते होडीभोवती फिरत होते, शब्द तुटत होते. "आमच्या पोरांना जन्मल्यापासून ऐकवतात, तुमच्यात खोट आहे. तुम्ही वाकडे, तुम्ही कलते. मला एक गोष्ट अशी पाहिजे होती ज्यात खोट नाही. पहिल्या दिवसापासून ताठ. मी वर्षानुवर्षं तशीच सांगितली आणि सांगून सांगून मलाच खरी वाटायला लागली. फळ्या आल्या तेव्हा पट्ट्याची आठवणसुद्धा झाली नाही. होडी आडवी झाली तेव्हा झाली." ते आबांपुढं येऊन उभे राहिले. "आबा, तुमचा खांदा माझ्यामुळं गेला."

मला वाटलं, आता हा म्हातारा काहीतरी कडक बोलणार, आणि त्याला तो हक्क होता.

"गेला तर गेला," आबा म्हणाले. "आता बांदा की पट्टा. पाच रोज हायती."

पुढचे पाच दिवस लिंबाखाली सुतारांचा वाकस थांबला नाही. साग शिल्लक नव्हता म्हणून बाभळीच्या फळ्या काढल्या. लोकांनी जुन्या गाड्यांच्या धावा आणून दिल्या, मारुती सुतारांनी त्या भट्टीत लाल करून, सरळ करून फळ्यांवर आवळल्या. उंच बाजूंची वरची फळी सरांनी स्वतः करवतीनं कापली. चढता मागचा भागही कापला. बुडात खडीची पोती टाकली. खडी हवी तेवढी होती, दुष्काळात फोडलेले ढीग अजून रस्त्याच्या कडेला पडलेले. होडीचं देखणेपण पार गेलं. पोटुशी म्हैस दिसावी तशी ती दिसायला लागली.

साहेब ठरल्या दिवशी जीपमधून आले. होडी पाण्यात बांधून ठेवली होती. "हा कसला फुगवटा?" त्यांनी विचारलं. सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण साहेबांना घाई होती. "ते राहू द्या. माणसं बसवा, चालवून दाखवा."

कुणी पुढं येईना. आदल्या वेळचे चौघं एकमेकांकडं बघत मागं सरकले. आबा एका पावलानं पुढं झाले तर सखूबाईनं त्यांच्या चांगल्या हाताला धरलं. "त्या लाकडात माझं मानूस पुन्ना जानार न्हाय," ती साहेबांसमोर मोठ्यानं म्हणाली. साहेबांनी घड्याळ बघितलं. तळं चाललं होतं, अकरा घरांच्या डोळ्यांदेखत.

तेव्हा शिलवंत सरांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते होडीत चढले. मी ओरडलो, "सर, तुम्हाला पोहता येत नाही!" त्यांनी मागं बघितलं नाही. दोर सोडला. वाऱ्यानं होडी आत गेली. वल्हं कसं धरायचं तेही त्यांना ठाऊक नव्हतं. पुरेशा खोल पाण्यात गेल्यावर ते एका बाजूला सरकले आणि काठाच्या फळीवर दोन्ही पायांनी उभे राहिले. होडी कलली. पट्टा पाण्यात दबला. बांधावर सखूबाई डोळे मिटून उभी होती. होडी तिथंच थांबली. सर तसेच उभे राहिले, मग दुसऱ्या बाजूला गेले, तिकडंही उभे राहिले. पुन्हा इकडं, पुन्हा तिकडं. दहा वेळा, बारा वेळा. त्या माणसाच्या पायांतली सगळी अस्वस्थता जणू त्या फळ्यांवर उतरत होती. होडी दर वेळी कलायची आणि दर वेळी सावरायची.

"बस झालं, या परत!" साहेब ओरडले.

पण परत येता येईना. वल्हं पाण्यात पडलं होतं आणि होडी मधोमध गोल गोल फिरत होती. लोकांना हसू फुटलं. आबांनी हात सोडवून घेतला, काठावरची आपली जुनी काहील पाण्यात लोटली, आणि एका हातानं वल्हवत निघाले. सखूबाई शिव्या देत होती, पण या वेळी मागं ओढायला गेली नाही. आबा होडीला भिडले, दोर बांधला. आम्हाला वाटलं आता ओढत आणतील. त्याऐवजी ते काहिलीतून होडीत चढले, एका अंगाला गेले, आणि जाळं टाकताना उभे राहतात तसे उभे राहिले. हातात जाळं नव्हतं, एक हात गळ्यात बांधलेला होता, तरी तसेच उभे राहिले. मग बांधावरून एकेक जण पाण्यात उड्या टाकायला लागला. सात-आठ जण पोहत जाऊन तिच्यावर चढले तेव्हा साहेब म्हणाले, "झालं. तळं तुमचं." मला रडू आलं. गणिताच्या मास्तरानं रडू नये असा काही नियम नाही.

त्याच वर्षी, परीक्षेच्या आधी, माझी बदली तुळजापूरला झाली. निरोपसमारंभ नको म्हणून मी शाळा भरल्यावर निघालो. ट्रंक घेऊन मागच्या बाजूनं चाललो होतो. नववीच्या खिडकीशी सरांचा आवाज आला म्हणून थांबलो.

ते जहाज सांगत होते. नेमणुकीपर्यंत नेहमीसारखं आलं होतं. मग ते म्हणाले, "इथून पुढं तुमच्या थोरल्या भावंडांना मी जे सांगितलं ते अर्धं होतं." आणि त्यांनी ती चार पानं सांगितली. कप्तानांच्या तक्रारी, बंद ठेवलेली तोफांची दारं, लढायच्या लायकीची नाही हा लेखी शेरा.

"सर," एका मुलीनं विचारलं, "मंग आधी का न्हाय सांगितलं?"

"भ्यालो होतो."

त्यांनी फळ्यावर जहाज काढलं, एका बाजूला कललेलं. पोरं माना वाकड्या करून बघायला लागली. फळ्याकडं तोंड असतानाच सरांनी विचारलं, "आता सांगा. हिला नोकरीवरून काढायचं का?"

सगळी पोरं एकदम ओरडली, "न्हाय!"

सर वळले नाहीत. खडूचा हात फळ्यावर टेकलेला होता. मी बघत होतो तोवर तो हलला नाही.